नोकरी चाकणला, घर कुठे?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

चाकणच्या कारखान्यात नेमणूक झाल्याचे पत्र हाती पडले, की घरात पहिल्या दिवशी पगाराची चर्चा होते आणि दुसऱ्या दिवशी राहण्याची. ‘राहायचं पुण्यातच, रोज जाऊन-येऊन करू,’ असे म्हणून बरेच जण मोकळे होतात. कारखान्याच्या कामगार विभागात अनेक वर्षे काढल्यामुळे हा निर्णय वर्षाच्या आत बदललेला मी पुष्कळदा पाहिला. कुणी घर बदलले, कुणी नोकरीच सोडली. म्हणून आज या प्रश्नाचा जरा सावकाश विचार करू.

चाकण हे पुणे-नाशिक महामार्गावर, पुण्यापासून सुमारे तीस किलोमीटरवर आहे. पूर्वी कांदा-बटाट्याच्या बाजारासाठी ओळखले जाणारे हे गाव आता मोटारींच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. फोक्सवॅगनचा कारखाना २००९ मध्ये सुरू झाला, महिंद्रचा २०१० मध्ये. त्यांच्या मागोमाग सुटे भाग करणारे शेकडो लहान-मोठे उद्योग आले. माणसे आणि वाहने वाढली, त्या मानाने रस्ता वाढला नाही. इथल्या भुईकोटाने १६६० मध्ये शाइस्तेखानाच्या फौजेला पन्नासहून अधिक दिवस अडवून धरले होते. आता चौकातले कंटेनर येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांनाच अडवतात! चाकणला रेल्वे नाही, त्यामुळे दुसरी वाट नाही. तेव्हा घर ते कारखाना हे अंतर किलोमीटरमध्ये विचारू नका, मिनिटांत विचारा. आणि तेही रविवारी दुपारी मोजलेले नको, तुमच्या पाळीच्या वेळेचे हवे.

एक साधा हिशेब करून पाहा. कोथरूडहून एका वेळचा दीड तास धरला, तर दिवसाचे तीन तास झाले. महिन्याचे पंचवीस दिवस कामाचे, म्हणजे पंचाहत्तर तास. वर्षाचे नऊशे तास, म्हणजे जवळजवळ साडेसदतीस दिवस-रात्री नुसत्या बसमध्ये. हे तास झोपेतून जातात किंवा घरच्या माणसांच्या वाट्यातून जातात.

मग राहायचे कुठे? खुद्द चाकणमध्ये राहिले तर प्रवास वाचतो. पण कारखान्यांची वर्दळ अंगणापर्यंत येते. आणखी उत्तरेला राजगुरुनगर आहे. तालुक्याचे गाव असल्याने शाळा, बाजार, कचेऱ्या हाताशी आहेत आणि सकाळी पुण्याहून येणाऱ्या गर्दीच्या उलट बाजूने तुम्ही निघता. पश्चिमेला तळेगाव दाभाडे. तिथून पुणे-लोणावळा लोकल मिळते, म्हणून घरातल्या दुसऱ्या माणसाची नोकरी पुण्यात असेल तर ते सोयीचे. मोशी, भोसरी ही गावे पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या हद्दीत असून शहर आणि कारखाना यांच्या मधोमध पडतात.

आता एक गोष्ट बाहेरगावाहून येणाऱ्यांना सहसा ठाऊक नसते. पुणे परिसरातल्या अनेक कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते, गुरुवारी असते. आमच्या घरी हाच हिशेब चुकला होता. मी कोथरूडहून पहाटे साडेपाचला निघत असे. मुलगी पहिलीत होती. मी निघायचो तेव्हा ती झोपलेली असे, परतायचो तेव्हा पेंगुळलेली. गुरुवारी मी दिवसभर घरी, तर ती शाळेत. एकदा तिच्या बाईंनी मला शाळेत बोलावले आणि विचारले, ‘तुम्ही परगावी असता का?’ काय उत्तर द्यावे ते मला सुचेना. त्या वर्षीच्या परीक्षा झाल्यावर आम्ही भोसरीला बिऱ्हाड हलवले. माझा प्रवास निम्म्यावर आला. पत्नीला मात्र पुण्यातल्या तिच्या शाळेसाठी रोज तासभर बस करावी लागली. त्रास संपला नाही, पण तो दोघांत वाटला गेला. म्हणून सांगतो, जागा ठरवताना एकट्याच्या नोकरीचा विचार करू नका. दुसऱ्याची नोकरी, मुलांची शाळा, वडीलधाऱ्यांचे औषधपाणी, सगळे एका कागदावर मांडा.

जागा पाहायला जाल तेव्हा तीन प्रश्न घरमालकाला विचारू नका, शेजाऱ्याला विचारा. मे महिन्यात पाणी किती दिवसांनी येते आणि टँकर कोण मागवतो? रात्री दोन वाजता कुणाला दवाखान्यात न्यायचे झाले, तर कुठे नेता आणि कशाने? दुसरी पाळी करून मध्यरात्री परतणाऱ्याला कंपनीची बस कुठे सोडते? बस हमरस्त्यावर सोडणार असेल आणि पुढे दोन किलोमीटर अंधार असेल, तर स्वस्त भाड्याचा मोह आवरा.

पहिले वर्ष भाड्यानेच राहा. अकरा महिन्यांचा करार असला, तरी तो लेखी आणि नोंदणीकृत हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे ही नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकाची आहे. अनामत रक्कम करारात लिहून घ्या. ‘गुंठा-दोन गुंठे घेऊन टाका, भाव वाढतोय,’ असे सांगणारे चहाच्या टपरीवरसुद्धा भेटतील. सातबारा, बिगरशेती परवानगी आणि मंजूर नकाशा वकिलाला दाखवल्याशिवाय विसारही देऊ नका. २०१७ पासून राज्यात महारेराची नोंदणी आली असली, तरी अगदी लहान प्रकल्प तिच्या कक्षेबाहेर राहतात. गावातली आठ सदनिकांची इमारत त्यांपैकीच असू शकते.

अकरा महिने संपत आले, की पुन्हा एकदा सगळ्यांनी एकत्र बसावे. तोवर गावचा उन्हाळा आणि पावसाळा दोन्ही पाहून झालेले असतात. मुले काय म्हणतात, आईला शेजार लाभला का, पत्नीला रोजची बस झेपते का, हे त्यांनाच विचारावे. मगच तिथे राहायचे की बिऱ्हाड हलवायचे, ते ठरवावे.