लाळेची साक्ष

लहानपणी गुडघा खरचटला की आम्ही मुले त्यावर थुंकी लावून पुन्हा खेळात शिरत असू. ती सवय सुटावी म्हणून गुरुजींनी छड्याही दिल्या. डोक्याला बसलेल्या माराची वर्दी लाळेत मिळू शकते, असे शास्त्रज्ञ सांगू लागल्याचे वाचले तेव्हा आम्हांला त्या थुंकीची आठवण झाली आणि तिच्यामागोमाग एका दुपारचीही.

पूर्वी एका शाळेत असताना मधल्या सुट्टीत सहावीतला एक मुलगा काजूच्या झाडावरून गडग्यावर पडला. क्षणभर गांगरला, मग उठून हसला. कानशिलापाशी टेंगूळ तेवढे आले होते. आम्ही पाण्याची पट्टी ठेवली, नाव विचारले, वार विचारला. उत्तरे बरोबर आली, म्हणून त्याला वर्गात बसविले. संध्याकाळी घरी उलट्या सुरू झाल्या, झोप आवरेना. आई-वडिलांनी रात्रीच बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय गाठले. सी.टी. स्कॅनमध्ये कवटीच्या आत थोडा रक्तस्राव दिसला. मुलगा वाचला, पुढे चांगला शिकला. परंतु त्या दुपारी त्याच्या घरी निरोप धाडला नाही, ही चूक आमचीच.

डोक्याचा मार असा फसवा असतो. भारताचा कसोटीपटू रमण लांबा २० फेब्रुवारी १९९८ रोजी ढाक्याच्या मैदानावर शिरस्त्राण न घालता फलंदाजाच्या अगदी जवळ क्षेत्ररक्षण करीत होता. चेंडू कानशिलावर आदळला. तो आपल्या पायांनी चालत तंबूत परतला. थोड्याच वेळात शुद्ध हरपली आणि तिसऱ्या दिवशी तो गेला.

रक्तस्राव निदान स्कॅनमध्ये दिसतो. मेंदूला नुसता हादरा बसला असेल, तर चित्र बहुधा स्वच्छच येते. रोगी मात्र पुढे कित्येक दिवस डोकेदुखीने, विसराळूपणाने, गोंगाट न सोसण्याने हैराण होतो. ग्लासगोच्या टीसडेल आणि जेनेट या वैद्यांनी १९७४ साली डोळे, बोलणे आणि हालचाल यांवरून ३ ते १५ गुण देण्याची जी पद्धत घालून दिली, तीत १५ पैकी १५ मिळविणाऱ्यालाही हादरा बसलेला असू शकतो. बाकी सारे रोग्याच्या सांगण्यावर. खेळाडूला मैदान सोडायचे नसते, मुलाला बोलणी खायची नसतात. दोघेही ‘काही नाही’ म्हणतात. म्हणून न बोलणारा साक्षीदार हवा.

तो लाळेत शोधण्याचे मोठे काम इंग्लंडात बर्मिंगहॅम विद्यापीठाच्या अंतोनियो बेली यांच्या चमूने केले. २०१७ ते २०१९ या दोन हंगामांत एक हजारांहून अधिक व्यावसायिक रग्बी खेळाडूंची लाळ त्यांनी अभ्यासाला घेतली. पेशींमध्ये आर.एन.ए. नावाचे जे सूक्ष्म रेणू असतात, त्यांतील १४ रेणूंचे प्रमाण हादरा बसलेल्यांत वेगळे आढळले आणि त्यावरून शेकडा ९० हून अधिक अचूक निदान साधले. २०२१ साली हे प्रसिद्ध झाले. हे रेणू तोंडात येतात कसे? मेंदूतून थेट तोंडाकडे येणाऱ्या नसांवाटे, असा एक तर्क आहे. करोनाच्या काळात नागपूरच्या ‘नीरी’ संस्थेने मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांतून चाचणी करण्याची रीत काढली, ती वाचकांना आठवत असेल. तिथे आर.एन.ए. विषाणूचा होता, इथे तो आपल्याच पेशींचा.

मात्र ते रग्बीपटू सारे प्रौढ पुरुष होते. मुलांविषयी अमेरिकेतील पेन स्टेटच्या संशोधकांनी २०१८ साली मांडलेला अभ्यास ७ ते २१ वर्षे वयाच्या अवघ्या ५२ जणांचा. कोणाचा त्रास महिन्याहून अधिक रेंगाळेल, याचा अंदाज लाळेवरून बराच बरोबर आला, एवढेच त्यातून म्हणता येते. रक्ताच्या चाचणीने याहून पुढची मजल मारली आहे. दोन प्रथिने मोजून स्कॅन टाळता येईल का, हे सांगणारी चाचणी अमेरिकेत २०१८ सालीच मान्य झाली; ती मार लागल्यापासून १२ तासांच्या आत करायची असते.

आमच्या डिचोली तालुक्यातल्या सुर्ल्याला या साऱ्याचा उपयोग काय, असे कोणी विचारील. येथून बांबोळी सुमारे तासाभराच्या वाटेवर. खाणी भरात होत्या तेव्हा ट्रकांच्या रांगांमधून दुचाकी काढणारी माणसे आम्ही रोज पाहिली आहेत. शिरस्त्राण बहुधा हाताला अडकविलेले. माडावर चढणारे पाडेली आहेत, झाडावर चढणारी मुले आहेत. कोणाला तातडीने न्यायचे आणि कोणाला घरी ठेवायचे, हे ठरविण्यासाठी लाळेची कुपी पुढेमागे आरोग्यकेंद्रात आली, तर आम्हांला हवीच आहे. पण आज ती आपल्या दवाखान्यांच्या नित्य वापरात नाही, आणि आली तरी हादऱ्याची साक्ष देईल. आत रक्त साकळते आहे की काय, हे तिला विचारून भागणार नाही.

तोवर आम्ही एक चिठ्ठी छापून घेतली आहे. डोके आपटलेल्या मुलाबरोबर ती घरी जाते आणि घरी फोनही जातो. वारंवार उलटी, वाढती डोकेदुखी, न आवरणारी सुस्ती, असंबद्ध बोलणे, झटका, एक बाहुली मोठी दिसणे, नाका-कानातून पाणी अथवा रक्त येणे, यांपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा, असे तीत लिहिले आहे. गेल्या पावसाळ्यात एका आजीने ती नातवाकडूनच दोनदा वाचून घेतली, आणि रात्रभर त्याच्या उशाशी बसून राहिली. सकाळी तो शाळेत जायचे म्हणून हटून बसला, तेव्हा तिनेच आम्हांला फोन करून विचारले, “मास्तर, पाठवू का?”