सुईआधीची दोन मिनिटं

मुळशी तालुक्यातला पौड, पिरंगुट, हिंजवडीचा पट्टा मागे टाकून धरणापलीकडे ताम्हिणीच्या अंगाला गेलं, की दातांच्या डॉक्टरांकडे जायचं म्हणजे बुडणारी मजुरी आणि एसटीची वेळ यांचा मेळ घालावा लागतो. अशा वेळी लहान मुलाची किडलेली दाढ ‘दुधाचीच आहे, पडेल’ म्हणून तशीच राहिली, तर नवल नाही. खरं तर दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत तोंडात असतात आणि तोवर कीड थांबत नाही. शेवटी गाल सुजल्यावर मूल खुर्चीत बसतं. पू झालेल्या जागी आम्लता वाढलेली असते आणि अशा ठिकाणी लिग्नोकेन हे बधिर करणारं औषध मज्जातंतूत नीट शिरत नाही. ज्या मुलाला बधिरतेची सर्वांत जास्त गरज, त्यालाच इंजेक्शन कमी लागू पडतं. पुढे ते मूल दवाखान्याच्या पायरीवरच रडू लागलं, तर त्याला हट्टी म्हणणं अन्यायाचं आहे. ही भीती त्याला अनुभवाने शिकवलेली असते. आणि ती टाळण्याची बरीचशी साधनं स्वस्त आहेत, तालुक्यातल्या लहानशा दवाखान्यातही ठेवता येतात. महाग असतो तो वेळ.

सुईचं दुखणं म्हणजे केवळ टोचणं नव्हे. औषध वेगाने ढकललं की आतली जागा ताणली जाते आणि खरी कळ तिथे येते. म्हणून मिनिटाला साधारण एक मिलिलिटर, इतक्या सावकाश औषध सोडावं असं दंतवैद्यकात शिकवलं जातं. त्याआधी हिरडी कापसाने कोरडी करून बधिर करणारं जेल लावायचं आणि एक-दोन मिनिटं थांबायचं. नेमकं हे थांबणंच घाईत गळतं, आणि मग जेल लावलं काय, न लावलं काय, सारखंच. टाळूवरची त्वचा हाडाला घट्ट चिकटलेली असल्याने तिथली सुई सर्वांत जास्त झोंबते. गालाच्या बाजूने आधी भूल देऊन, दोन दातांमधल्या हिरडीतून हळूहळू टाळूकडे गेलं, तर ते बरंच सुसह्य होतं. सुई टोचताना डॉक्टर ओठ किंवा गाल हलवत राहतात, त्यामागेही कारण आहे. मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी १९६५ मध्ये मांडलेल्या सिद्धान्तानुसार स्पर्शाच्या संवेदना मज्जारज्जूतच वेदनेची वाट काही अंशी अडवतात.

मुलाला आधी सांगितलं तर ते जास्त घाबरेल, हा आक्षेप पालक नेहमी घेतात. सुई समोर नाचवावी असं कुणीच म्हणत नाही. पण ‘काही करणार नाहीत’ असं सांगून टोचलं, तर मूल त्या क्षणापुरतं शांत राहतं आणि पुढच्या वेळी कुणाच्याच शब्दावर विश्वास ठेवत नाही. अ‍ॅडेलस्टन या दंतवैद्यांनी १९५९ मध्ये मांडलेली पद्धत साधी आहे: मुलाला समजेल असं सांगा, दाखवा, मग करा. ‘दाताला झोपवायचंय, जरा चिमटा बसेल, नको वाटलं तर हात वर कर’ एवढं पुरतं. अर्थात, हात वर झाला की खरोखर थांबलं पाहिजे. गप्प बसवायला घरी सुईचा धाक घातला जात असेल, तर डॉक्टरांनी किती गोड बोलायचं?

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: या उपायांमागे भक्कम पुरावा आहे का? कॉक्रेन या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यात मुलांना ही भूल सुसह्य करण्याच्या उपायांवरचे २६ प्रयोग तपासले गेले आणि अमुकच उपाय श्रेष्ठ असं ठामपणे म्हणण्याइतका पुरावा मिळाला नाही. पण या निष्कर्षाचा अर्थ ‘काहीच करू नका’ असा होत नाही. संगणकाच्या नियंत्रणाने औषध सोडणारी महाग यंत्रंही सावकाश हातापेक्षा निर्विवाद सरस ठरलेली नाहीत, असाही त्याचा अर्थ आहे. गावाकडच्या दवाखान्यासाठी ही चांगलीच बातमी आहे. ओपीडीबाहेर रांग असते हे खरं. पण किंचाळणाऱ्या मुलाला चौघांनी धरून ठेवण्यात जाणारा वेळ त्या दोन मिनिटांहून कमी नसतो.

सर्वांत उत्तम सुई ती, जी लागतच नाही. कीड खोल गेलेली नसेल, तर सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइडचा थेंब ती रोखू शकतो. त्यात ना सुई, ना ड्रिल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. किडलेला भाग त्याने कायमचा काळा पडतो, हे पालकांना आधीच सांगायला हवं. मागच्या दाढेवर बहुतेकांना ते चालेल. स्कॉटलंडमधून आलेल्या हॉल पद्धतीत तर भूल न देता, न कोरता दाढेवर स्टीलची टोपी बसवतात. पू झालेल्या दाताला मात्र यातलं काही चालत नाही, म्हणून वेळेवर सापडणं महत्त्वाचं. २०१३ मध्ये पालघरहून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दातांची कीड तपासणीच्या यादीत आहे, आणि त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा येणं अपेक्षित आहे. तिथे मिळालेली डॉक्टरांकडे जाण्याची चिठ्ठी घडी घालून डब्यात ठेवली नाही, तर मुलाचा गाल सुजेपर्यंत थांबावं लागत नाही.

आणि सुई द्यावीच लागली, तर निघताना आईला एक गोष्ट सांगायला हवी. ओठ-जीभ दोन-तीन तास बधिर राहतात आणि मुलं गंमत म्हणून ती चावून जखमा करून घेतात. परतीच्या एसटीत पोराच्या हाती वडापाव न देता, त्याच्या ओठाकडे लक्ष ठेवायचं.