लसणीच्या गोळ्या व हृदयाचें आरोग्य

अलीकडे ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील औषधांच्या दुकानांत लसणीच्या गोळ्या सर्रास मिळूं लागल्या आहेत. त्यांनीं रक्तदाब, रक्तांतील चरबी व मधुमेह आटोक्यांत येतात, असा समज मुरबाड-शहापूरकडील आपल्या शेतकरी बंधूंतही पसरला आहे. प्रस्तुत लेखकानें महसूल खात्यांतून निवृत्त झाल्यावर ह्याच समजुतीनें रक्तदाबाची डॉक्टरी गोळी सोडून दोन महिने लसणीची गोळी घेतली. पुढें तपासणींत वरचा दाब १७० वर गेलेला आढळला. सुदैवानें अनर्थ टळला. परंतु चूक कोठें झाली ह्याचा शोध घ्यावासा वाटला. त्यांतून जें समजलें तें येथें देत आहें.

लसणीचे गुण आपल्या वैद्यकास नवे नाहींत. सहा रसांपैकीं केवळ आम्ल रस तींत नाहीं, म्हणून तिला संस्कृतांत 'रसोन' म्हणजे एका रसानें उणी, असें नांव आहे. अखंड पाकळीला उग्र वास नसतो. ती ठेचली म्हणजे तींतील अलिईन ह्या द्रव्यावर अलिनेज नांवाच्या विकराची क्रिया होऊन अलिसिन तयार होतें. तें १९४४ सालीं कॅव्हॅलिटो व बेली ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनीं वेगळें काढलें. मात्र अलिसिन टिकाऊ नाहीं. आणि उष्णतेनें व जठरांतील आम्लानें तो विकरही निकामी होतो. म्हणून लसणीचें चूर्ण, तेल व मुरविलेला अर्क हे भिन्न पदार्थ होत. एकाचा गुण दुसऱ्यांत असेलच असें नाहीं.

२००७ सालीं अमेरिकेंतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कोलेस्टेरॉल थोडें वाढलेल्या १९२ प्रौढांचे चार गट करून त्यांस सहा महिने अनुक्रमें कच्ची लसूण, चूर्णाची गोळी, मुरविलेल्या अर्काची गोळी व औषधहीन गोळी दिली. अपायकारक कोलेस्टेरॉलांत म्हणण्याजोगा फरक कोणत्याही गटांत पडला नाहीं. रक्तदाबाविषयीं अनुभव कांहींसा अनुकूल आहे. वाढलेला दाब पाऱ्याचे कांहीं मिलिमीटर उतरल्याचें अनेक प्रयोगांत दिसलें. साखरेवरील परिणाम अल्प व अनिश्चित आहे. एवढ्यावरून डॉक्टरी औषध सोडणें धोक्याचें होय.

दुसरा धोका रक्तस्रावाचा. लसणीनें रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. ॲस्पिरिन, वॉरफरिन अशीं औषधें जे घेतात, त्यांनीं ह्या गोळ्या परस्पर घेऊं नयेत. शस्त्रक्रिया किंवा दांत काढणें ठरलें असल्यास डॉक्टरांस आधींच सांगावें व त्यांच्या सल्ल्यानें त्या निदान एक आठवडा अगोदर बंद कराव्या.

जमीन घेतांना दलालाच्या बोलण्यावर न जातां आपण सातबारा वाचतों. तशींच गोळीच्या वेष्टणावरील अक्षरें वाचावीं. अन्नपूरक म्हणून विकल्या जाणाऱ्या पदार्थावर 'औषधी उपयोगासाठीं नाहीं' अशा अर्थाची सूचना छापावी लागते. ती दुकानदार तोंडानें सांगत नाहीं.

लसूण खावयाची तर आहारांतच खावी. पाकळी ठेचून दहा मिनिटें ठेवावी, मग चटणींत घालावी किंवा भाजी उतरतांना टाकावी. मात्र चटणींत मीठ बेताचें असावें. खारी सुकट व लोणचें हीं कमी करावीं, कारण मिठानें दाब वाढतो. दिवसाकांठीं एकंदर मीठ पांच ग्रॅमच्या आंत असावें. प्राथमिक आरोग्य केंद्रांत रक्तदाब वेळोवेळीं तपासून घ्यावा, आणि डॉक्टरांस विचारल्यावांचून चालू औषध एक दिवसही सोडूं नये, एवढीच वाचकांस विनंति आहे.