वजन उतरताना नेमके काय उतरते?

अहवालवर्षात भौतिकोपचार विभागासाठी झालेल्या खरेदीत डंबेल्सच्या काही जोड्या, ताणावयाचे रबरी पट्टे आणि पायाला बांधण्याच्या वाळूच्या पिशव्या यांचा समावेश आहे. एका हितचिंतकांनी दुसऱ्या ट्रेडमिलसाठी देऊ केलेली रक्कम त्यांच्या संमतीने या साहित्यावर खर्च करण्यात आली. ‘जो वजन कमी करण्यासाठी येतो, त्याला आणखी वजन कशासाठी उचलावयास लावायचे?’ असा प्रश्न त्या वेळी विश्वस्त मंडळाच्या बैठकीत विचारला गेला. प्रश्न रास्त होता. अनेक देणगीदारांनाही तो पडला असेल, म्हणून आमचे डॉक्टर व भौतिकोपचार तज्ज्ञ यांच्याकडून समजून घेतलेले उत्तर येथे थोडे विस्ताराने देत आहोत.

मधुमेहाच्या तपासणीसाठी नियमित येणाऱ्या, पन्नाशी ओलांडलेल्या एका भगिनींनी रोज तासभर चालणे आणि रात्रीचे जेवण जवळजवळ बंद, असा क्रम निष्ठेने पाळला. सहा महिन्यांत काट्यावर सात किलो कमी भरले. आम्ही सर्वांनी त्यांचे अभिनंदन केले. पुढच्या भेटीत त्यांनी सांगितले की, देवपूजा आटोपल्यावर भिंतीचा आधार घेतल्याखेरीज जमिनीवरून उठता येत नाही आणि जिना चढताना मांड्या थरथरतात. तपासणीत गुडघ्यांचा दोष आढळला नाही. चरबीबरोबर मांड्यांचे स्नायूही झिजले होते. आणि चालण्याखेरीज दुसरा व्यायाम आमच्यापैकी कोणी त्यांना सांगितलाच नव्हता. ही उणीव आमची होती.

हिशेबाच्या कामात आयुष्य गेलेल्यांना यातील चूक चटकन उमगते. वजनकाटा केवळ एकूण बेरीज दाखवितो, तपशील दाखवीत नाही. कमी झालेल्या किलोंत चरबी किती, पाणी किती आणि स्नायू किती, हे त्या आकड्यावरून कळत नाही. आहार एकदम तोडला की शरीर साठविलेल्या चरबीबरोबर स्नायूंतूनही उचल करते. स्नायूंना काम देत राहिले, तर ही उचल बरीच रोखता येते.

आपल्याकडे हा तपशील विशेष महत्त्वाचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांनी स्वतःचीच मोजमापे २००४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात छायाचित्रासह प्रसिद्ध केली. उंचीच्या मानाने वजन दर्शविणारा निर्देशांक दोघांचाही २२.३ होता. शरीरातील चरबी मात्र डॉ. युडकिन यांची ९.१ टक्के, तर डॉ. याज्ञिक यांची २१.२ टक्के! अंगाने बारीक दिसणारा भारतीय माणूस आतून स्थूल असू शकतो, तो असा. म्हणूनच भारतीयांसाठी हा निर्देशांक २३ च्या पुढे गेला की वजन जास्त मानतात, आणि कमरेचा घेर पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंत सुरक्षित समजतात. ज्याच्याकडे स्नायू मुळातच कमी, त्याने वजन उतरविताना ते आणखी गमावणे परवडणारे नाही. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचा मोठा वाटा स्नायूच उचलतात, ही गोष्ट मधुमेही रुग्णांनी तर ध्यानात ठेवावयास हवी.

चालणे, सायकल, पोहणे या दमश्वासाच्या व्यायामांचे काम वेगळे आहे. त्यांनी हृदय व फुप्फुसे सुधारतात आणि उष्मांक खर्च होतात. तथापि हा खर्च लोक समजतात तितका मोठा नसतो. सत्तर किलोंच्या माणसाने अर्धा तास भरभर चालून साधारण १२० ते १५० उष्मांक खर्च होतात. एका वडापावात त्याच्या दुपटीच्या आसपास असतात. उलट, स्नायू वाढले की बसल्या जागी चरबी जळते, ही जाहिरातींतील भाषाही अतिशयोक्त आहे. एक किलो स्नायू विश्रांतीत दिवसाकाठी जेमतेम १३ उष्मांक खर्च करतो. वजने उचलावयाची ती स्नायू व हाडे राखण्यासाठी, एवढे समजले तरी पुरे.

दोन्हींचा मेळ घातल्यास काय होते, हे अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठाने २०१२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दिसते. बैठे जीवन असलेल्या ११९ स्थूल व्यक्तींनी आठ महिने व्यायाम केला. केवळ दमश्वासाचा व्यायाम करणाऱ्यांचे वजन सरासरी पावणेदोन किलो उतरले. केवळ वजने उचलणाऱ्यांचे ते थोडे वाढले. दोन्ही करणाऱ्यांचे एकूण वजन पहिल्या गटाइतकेच घटले, पण चरबी अधिक, म्हणजे सुमारे अडीच किलो गेली आणि स्नायूंत भर पडली. अर्थात त्यांना वेळही दुप्पट द्यावा लागला, हे सांगितले पाहिजे. यापेक्षा आमच्या रुग्णांना जवळचा वाटावा असा अभ्यास २०१७ सालचा आहे. पासष्टीपुढील स्थूल व्यक्तींना आहारनियंत्रणासह २६ आठवडे व्यायाम दिला असता व्यायामाच्या तिन्ही गटांचे वजन सारखेच, सुमारे ९ टक्के उतरले. चरबीविरहित भाग मात्र केवळ दमश्वासाच्या गटात ५ टक्के, केवळ वजनांच्या गटात २ टक्के आणि दोन्ही करणाऱ्यांत ३ टक्के घटला. उठणे, चालणे, जिना चढणे अशा हालचालींत सर्वाधिक सुधारणा दोन्ही करणाऱ्यांत आढळली. काट्याने तिघांना एकच निकाल दिला असता!

‘आधी वजन उतरवू, मग वजने उचलू’ असे सांगणारे पुष्कळ भेटतात. आमचे तज्ज्ञ याच्या विरुद्ध आहेत. दोन्ही एकदमच, परंतु अल्प प्रमाणात सुरू करावे, असे ते सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यात किमान १५० मिनिटे मध्यम गतीचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंच्या बळकटीचा व्यायाम करावा. नवख्याने पहिल्या दिवशीच हे गाठू पाहू नये. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा मिनिटे चालावे. बोलता यावे पण गाता येऊ नये, इतपत वेग असावा. सोमवारी व गुरुवारी खुर्चीवरून हात न टेकता उठणे-बसणे, भिंतीला हात लावून जोर काढणे, रबरी पट्टा छातीकडे ओढणे आणि हलके डंबेल डोक्यावर उचलणे, एवढे पुरते. प्रत्येक प्रकार दहा-बारा वेळा, शेवटच्या दोन वेळा कठीण वाटाव्यात असा. तालमीतल्या बैठका आणि जोर यांचाच हा सौम्य अवतार आहे. बारा वेळा सहज जमू लागले की भार किंचित वाढवावा. एकाच दिवशी दोन्ही केल्यास आधी कोणते, याची चिंता नवख्याने करू नये. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी अंग दुखते, ते आपोआप थांबते. हात पुरुषी होतील, ही भगिनींची धास्ती निराधार आहे. एवढ्या व्यायामाने तसे होत नाही.

स्नायूंना प्रथिनेही लागतात. राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२० साली प्रौढांसाठी वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. रात्री नुसता चहा-बिस्कीट घेऊन झोपणाऱ्यांनी घट्ट वरण, उसळ, ताक किंवा अंडे यांस ताटात स्थान द्यावे.

भार उचलताना श्वास रोखू नये, कारण त्याने रक्तदाब एकदम चढतो. हृदयविकार, अनियंत्रित रक्तदाब, हर्निया किंवा मधुमेहाने डोळ्याच्या पडद्यावर झालेला परिणाम असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरुवात करू नये. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर बाळगावी. छातीत दुखल्यास वा चक्कर आल्यास लगेच थांबावे.

उपरोक्त भगिनी आता आठवड्यातून दोनदा विभागात येतात. त्यांचे वजन गेल्या चार महिन्यांत हललेले नाही, याची त्यांना खंत आहे. पूजेनंतर भिंत धरावी लागत नाही, हे त्यांनी विचारल्यावर सांगितले. बाह्यरुग्ण विभागातील वजनकाट्याशेजारी आता मोजपट्टी टांगलेली असून, वजनाबरोबर कमरेचा घेर आणि अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता येते, हे दोन आकडेही केसपेपरवर लिहिले जातात.