करमणुकीचें स्थळ आणि मद्याचा परवाना

श्रोतेहो, मद्यपान बरें कीं वाईट, हा वाद आज मला घालावयाचा नाहीं. त्यावर संतांपासून सरकारापर्यंत सर्वांनीं आपापलीं मतें नोंदवून ठेविलीं आहेत. आजचा प्रश्न त्याहून लहान, परंतु व्यवहारांत अधिक अवघड आहे. जेथें खेळ, गायन अथवा नाटक पाहावयास हजारों माणसें जमतात, त्या जागीं मद्य विकण्यास परवाना द्यावा काय, आणि द्यावयाचा झाल्यास कोणत्या अटींवर द्यावा? गुत्त्यांत जाणारा मनुष्य आपखुषीनें जातो; ज्याला तो नको असेल तो दुसऱ्या रस्त्यानें घरीं जातो. क्रीडांगणाची गोष्ट तशी नाहीं. तेथें पिणारा येतो, न पिणाराहि येतो, बापाचा हात धरून दहा वर्षांचा मुलगाहि येतो. आणि शेजारच्या खुर्चीवर कोण बसेल हें तिकीट काढणाऱ्याच्या हातीं नसतें. त्यामुळें एकाच्या आवडीचा प्रश्न तेथें दुसऱ्याच्या सुरक्षिततेचा प्रश्न होऊन बसतो.

आपण सामान्यतः परवाना म्हणजे मोकळीक असें समजतों. ‘त्याला परवाना मिळाला’ असें म्हणतांना ‘आतां त्याला कोणी विचारणार नाहीं’ असा आपला भाव असतो. कायद्याच्या दृष्टीनें अर्थ नेमका उलट आहे. परवाना मिळाला म्हणजे आतां त्याला विचारतां येईल. काय विकलें, कोणाला विकलें, किती वाजतां विकलें, कशांत घालून दिलें, आणि त्यापासून अनर्थ झाला तर उत्तर कोण देणार, ह्या प्रश्नांची यादी म्हणजे परवाना. ही यादी एका दिवसांत कोणा शहाण्याला सुचलेली नाहीं. ती अनुभवानें, आणि पुष्कळदां दुःखद अनुभवानें, एकेक कलमानें वाढत गेली. इंग्लंडांत हा अनुभव अडीच शतकांहून अधिक काळाचा आहे. म्हणून आज आपण मुख्यत्वें तोच पाहूं.

इ. स. १७५१ मध्यें पार्लमेंटानें एक कायदा केला. त्याच्या लांबलचक नांवांतच चोऱ्या व लुटालूट रोखणें आणि सार्वजनिक करमणुकीच्या जागांचें नियमन करणें, हीं दोन कामें शेजारीं शेजारीं मांडलेलीं होतीं. गाणें आणि चोरी यांचें हें सोयरें आज आपणांस चमत्कारिक वाटेल. पण त्या काळच्या लंडनच्या कायदेकर्त्यांना त्यांचा संबंध उघड दिसत होता. लंडन व वेस्टमिन्स्टर ह्या शहरांत आणि त्यांच्या सभोंवतीं वीस मैलांच्या आंत गायन-नृत्याची जागा चालवावयाची तर मॅजिस्ट्रेटांचा परवाना घेणें ह्या कायद्यानें भाग पाडलें.

त्यानंतर १८४३ सालीं नाट्यगृहांचा कायदा झाला. तोंवर लंडनमध्यें गंभीर नाटकें करण्याचा मक्ता मुख्यत्वें ड्रुरी लेन आणि कोव्हेंट गार्डन ह्या राजसनदेच्या नाट्यगृहांकडे होता. नव्या कायद्यानें तो मक्ता मोडला. पण मद्यगृहांना जोडून चालणाऱ्या लहान रंगमंचांपुढें एक निवड उभी केली. नाटकाचा परवाना घ्या, म्हणजे प्रेक्षागारांत मद्य नको. किंवा प्रेक्षागारांत मद्य ठेवा, म्हणजे नाटक नको, गाणीं व किरकोळ खेळ चालतील. ज्यांनीं दुसरी वाट धरली त्यांच्यांतून ‘म्युझिक हॉल’ नांवाची करमणूक वाढीस लागली. १८५२ मध्यें चार्ल्स मॉर्टन ह्या मद्यगृहाच्या मालकानें लँबेथ येथें कँटरबरी हॉल उघडला. तेथें प्रेक्षक मेजांभोंवतीं बसून खात, पीत आणि गाणें ऐकत.

आपल्या विषयाचें मर्म येथें प्रथम दिसतें. गाणें हें आमिष आणि मद्य हा धंदा झाला, कीं प्रेक्षक जितका तहानलेला तितका मालक सुखी. मालकाचा स्वार्थ आणि प्रेक्षकाचें हित हीं दोन दिशांना ओढूं लागतात, आणि मध्यें कोणी तिसऱ्यानें उभें राहणें अवश्य होतें. तो तिसरा म्हणजे परवाना देणारी सत्ता.

ह्या सत्तेची फजितीहि कधीं कधीं होते. १८९४ मध्यें लॉरा ऑर्मिस्टन चँट ह्या समाजसुधारक बाईंनीं लेस्टर स्क्वेअरमधील एम्पायर थिएटरच्या परवान्यास लंडन कौंटी कौन्सिलपुढें हरकत घेतली. प्रेक्षागाराच्या मागील फेरफटक्याच्या जागेंत मद्य आणि वेश्याव्यवसाय एकमेकांच्या आधारानें चालतात, असें त्यांचें म्हणणें होतें. कौन्सिलनें थिएटर बंद केलें नाहीं. परवान्यास अटी घातल्या. त्या अटींपायीं मद्यविक्रीची जागा आडोसा घालून वेगळी करण्यांत आली. ३ नोव्हेंबर १८९४ च्या रात्रीं तरुण प्रेक्षकांच्या जमावानें तो कापडी आडोसा पाडून टाकिला. त्या जमावांत सँडहर्स्टच्या लष्करी विद्यालयांतील एकोणीस वर्षांचा एक विद्यार्थी होता, आणि त्यानें तेथें भाषणहि ठोकलें. त्याचें नांव विन्स्टन चर्चिल! पुढें आपल्या आत्मचरित्रांत त्यानें ही हकीकत मोठ्या खुषीनें सांगितली आहे. आपणांस हंसूं येईल. पण तिच्यांतील बोध विसरूं नये. पडदा उभारणें सोपें असतें. तो कां उभारला हें लोकांच्या गळीं उतरविणें कठीण असतें.

विसाव्या शतकांत हाच पडदा नाट्यगृहांतून फुटबॉलच्या मैदानावर आला. १० मे १९८० रोजीं ग्लासगो येथील हॅम्पडन पार्कवर स्कॉटिश कपाचा अंतिम सामना सेल्टिक आणि रेंजर्स ह्या जुन्या प्रतिस्पर्ध्यांत झाला. सेल्टिकनें तो एका गोलानें जिंकला. सामना संपतांच दोन्ही पक्षांचे प्रेक्षक मैदानांत उतरले. बाटल्या व डबे फेकले गेले, आणि घोडेस्वार पोलीस धाडावे लागले. त्याच वर्षीं स्कॉटलंडकरितां कायदा होऊन फुटबॉलच्या मैदानांत मद्य नेण्यास मनाई झाली. इंग्लंड व वेल्स यांच्याकरितां असा कायदा १९८५ मध्यें झाला.

ह्या दुसऱ्या कायद्याचीं कलमें पाहण्यासारखीं आहेत. ठराविक सामन्यांना प्रेक्षक घेऊन जाणाऱ्या खास मोटारींत व आगगाड्यांत मद्य नको. नशेंत मैदानाच्या आंत शिरणें हा गुन्हा. फेकून मारल्यास इजा होईल अशी पेयाची बाटली किंवा डबा आंत नेणें हा गुन्हा. आणि जेथून सामना प्रत्यक्ष दिसतो अशा जागीं मद्य बाळगणें हाहि गुन्हा. ही शेवटची मनाई खेळापूर्वीं दोन तास सुरू होते आणि खेळ संपल्यावर एक तासानें उठते. विक्रीस सरसकट बंदी नाहीं, हें ध्यानांत घ्यावें. प्रेक्षागाराच्या मागील दालनांत परवान्यानें मद्य मिळतें. पण पेला हातांत घेऊन खेळ पाहतां येत नाहीं. एम्पायरमधील पडदाच पुन्हां उभा राहिला. मात्र ह्या वेळीं तो कापडाचा नसून कायद्याचा होता. हा नियम फुटबॉललाच लागू आहे. क्रिकेट किंवा रग्बी पाहणारा इंग्रज पेला घेऊन खुशाल आपल्या जागीं बसतो. हा भेद कां, असें फुटबॉलचे प्रेक्षक विचारतात, आणि त्यांचा प्रश्न अगदींच गैर म्हणतां येणार नाहीं.

अटी अपुऱ्या असल्या म्हणजे काय होतें, याचें ठळक उदाहरण अमेरिकेंत घडलें. ओहायो संस्थानांतील क्लीव्हलंड येथें ४ जून १९७४ रोजीं बेसबॉलचा सामना होता. प्रेक्षक यावेत म्हणून एरव्हीं पासष्ट सेंटांस मिळणारी बीअर त्या रात्रीं दहा सेंटांस विकण्याचें मालकांनीं जाहीर केलें. पंचवीस हजारांहून अधिक लोक आले. एका खेपेस सहा पेल्यांपेक्षां अधिक देऊं नयेत, असा नियम होता. परंतु खेपा किती, याला कांहीं गणती नव्हती. खेळ नवव्या डावापर्यंत पोंचला तेव्हां दोन्ही संघांचे गुण सारखे होते. त्या वेळीं प्रेक्षक मैदानांत घुसून खेळाडूंच्या अंगावर गेले, आणि पंचांनीं सामना पाहुण्या संघाला बहाल करून टाकिला. अर्धी अट म्हणजे अट नव्हे, हा धडा त्या रात्रीं क्लीव्हलंडला मिळाला.

इतकें ऐकून, ‘मग सर्व अनर्थाचें मूळ मद्यच,’ असा निष्कर्ष कोणी काढील. त्यानें दुसरी बाजूहि ऐकावी. १५ एप्रिल १९८९ रोजीं शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांचा सामना होता. बाहेरची गर्दी वाढली म्हणून पोलीस अधिकाऱ्यानें एक मोठें दार उघडण्याचा हुकूम दिला; पण आधींच भरलेल्या मधल्या कठड्यांकडे जाणारा बोगदा बंद केला नाहीं. लोक तेथें चेंगरले, आणि ह्या दुर्घटनेनें एकूण ९७ जणांचा बळी घेतला. लगेच बोभाटा झाला कीं प्रेक्षक दारू पिऊन आले होते! मृतांच्या रक्तांत मद्य आहे काय याची तपासणी झाली, आणि त्यांतून लहान मुलेंहि सुटलीं नाहींत. मृतांच्या आप्तांना सत्त्याकरितां सत्तावीस वर्षें झगडावें लागलें. २०१२ मध्यें स्वतंत्र मंडळानें कागदपत्रें उघड केलीं, आणि २०१६ मध्यें ज्यूरीनें निर्णय दिला कीं हे मृत्यू बेकायदा कृत्यानें घडले आणि प्रेक्षकांच्या वर्तनाचा त्यांत कांहीं भाग नव्हता. मैदानाला दिलेल्या सुरक्षिततेच्या दाखल्यांतहि दोष होते, असें ज्यूरीला आढळलें.

श्रोतेहो, हें उदाहरण मला फार महत्त्वाचें वाटतें. मद्य हें जसें अनर्थाचें कारण होऊं शकतें, तसें तें अधिकाऱ्यांच्या हलगर्जीपणावर घालण्याचें पांघरूणहि होऊं शकतें. पिणाऱ्याला दोष देऊन मोकळें होणें सोपें आहे. दारें किती, वाटा किती रुंद, किती माणसें आंत घ्यावयाचीं, पाहारा कोणाचा, हीं उत्तरें देणें अवघड आहे. म्हणून मद्याचा परवाना आणि जागेच्या सुरक्षिततेचा दाखला हे एकाच नजरेनें तपासले पाहिजेत.

मनाईचाहि एक दुष्परिणाम सांगितला जातो. इंग्लंडमधील फुटबॉलच्या कारभाराची २०२१ मध्यें जी चौकशी झाली, तींत असें मांडलें गेलें कीं जागेवर पितां येत नसल्यामुळें लोक खेळापूर्वीं आणि मध्यंतरांत घाईघाईनें पितात, व दालनांत गर्दी उसळते. म्हणून खालच्या श्रेणींतील कांहीं क्लबांना प्रायोगिक मोकळीक द्यावी, अशी शिफारस चौकशीनें केली. हें म्हणणें विचार करण्याजोगें आहे. पंधरा मिनिटांत दोन पेले रिचविणारा मनुष्य दीड तासांत दोन पेले घेणाऱ्याहून शहाणा असतो, असें कोण म्हणेल? तथापि शेजारच्या मुलाच्या अंगावर पेला सांडण्याचा धोका मैदानामागील दालनांत कमी, खुर्चीवर अधिक, हेंहि तितकेंच खरें.

आतां, अटी कशा आंखाव्या, याचा एक नमुना इंग्लंडांतच २००३ सालीं झालेल्या परवान्यांच्या कायद्यांत सांपडतो. तो नोव्हेंबर २००५ पासून पूर्णपणें अंमलांत आला. पूर्वीं मद्याचा परवाना मॅजिस्ट्रेट देत आणि करमणुकीचा वेगळा घ्यावा लागे. नव्या कायद्यानें दोहोंचा एकच परवाना करून तो देण्याचा अधिकार स्थानिक लोकनियुक्त संस्थांकडे दिला, आणि चार हेतू ठरवून दिले: गुन्हे व दंगल टाळणें, सार्वजनिक सुरक्षितता, सार्वजनिक उपद्रव टाळणें, आणि मुलांचें अपायापासून रक्षण. मद्य विकणाऱ्या जागेच्या परवान्यांत एका जबाबदार व्यक्तीचें नांव घालावें लागतें. मला ही तरतूद शाळेंतील सहलीसारखी वाटते. शंभर मुलें गडावर न्यावयाचीं असलीं, तर ‘शाळेची जबाबदारी’ असें मोघम लिहून भागत नाहीं. कोणा एका शिक्षकाची सही लागते. शिवाय परवाना दिल्यानंतर त्रास होऊं लागला, तर शेजारीं राहणारा साधा नागरिकहि त्याचा फेरविचार मागूं शकतो.

आपल्याकडे काय स्थिति आहे? राज्यघटनेच्या राज्यसूचींत मादक पेयें आठव्या क्रमांकावर, तर नाट्यगृहें, खेळ व करमणूक तेहतिसाव्या क्रमांकावर आहेत. म्हणजे दोन्ही विषय राज्याच्याच हातीं. सत्तेचाळीसावें कलम राज्यास मद्यनिषेधाकडे वाटचाल करावयास सांगतें. मद्याच्या व्यापाराचा कोणालाहि मूलभूत हक्क नाहीं, असें सर्वोच्च न्यायालयानें १९९५ मध्यें स्पष्ट केलें. महाराष्ट्रांत १९४९ चा दारूबंदीचा कायदा मूळ पाया म्हणून आजहि आहे. विकणाऱ्याप्रमाणें पिणाऱ्यासहि परवाना हवा, ही त्याची विशेष कल्पना. मद्याचा परवाना उत्पादन शुल्क खात्याचा, तर करमणुकीच्या जागांचे नियम पोलीस कायद्याखालीं. कचेऱ्या दोन, फायली दोन. पण गर्दी मात्र एकच, हें विसरून चालणार नाहीं.

तेव्हां आपल्या शहरांत एखाद्या सामन्याला वा जलशाला मद्यविक्रीची परवानगी मागितली गेली, तर ‘हो’ कीं ‘नको’ एवढ्यावर वाद थांबवूं नये. पुढील प्रश्न विचारावेत. कुटुंबांकरितां मद्यरहित विभाग आहे काय? विक्री खेळ संपण्यापूर्वीं किती वेळ बंद होणार? पेला कागदाचा कीं कांचेचा? वय कोण तपासणार? पाणी फुकट आणि जवळ मिळेल काय? घरीं परतण्याची सोय काय? गर्दी वाढली तर कोणतें दार कोण उघडणार? आणि कागदावर नांव कोणाचें? ज्या अर्जांत ह्यांचीं उत्तरें नाहींत, तो अर्ज परत पाठविण्यास मद्याचा शत्रु असावें लागत नाहीं. आपल्या मुलाला सुखरूप घरीं आणूं इच्छिणारा पालक असणें पुरेसें आहे.