आठ गणपती, दोन दिवस आणि एक चिमुरडी

वीकएंडला अष्टविनायक ‘उरकून’ टाकायचे, असा आमचा फुल्ल प्लॅन होता. गाडीत नवरा, सासूबाई आणि साडेतीन वर्षांची लेक. दिवे घाटातच लेकीनं सगळा नाश्ता माझ्या कुर्त्यावर परत केला! (बदलायचे कपडे डिकीत ठेवू नका, हाताशी ठेवा.) पुणे-मोरगाव जेमतेम 65 किलोमीटर, आम्हाला चार तास लागले.

मयूरेश्वराच्या देवळासमोर मात्र मॅडमचा मूडच बदलला. उंच तटबंदी, चार कोपऱ्यांना मनोरे आणि गणपतीकडे तोंड करून बसलेला भलामोठा नंदी.

‘‘हा तर शंकराचा ना? मग इथे काय करतो?’’

‘‘शंकराच्या देवळात न्यायचा होता, वाटेत इथे थांबला आणि पुढे जाईचना,’’ सासूबाईंनी दंतकथा सांगितली.

‘‘मी पण नाही जाणार!’’

पुढचा टप्पा सिद्धटेक. लेक ढिम्म हलेना. सासूबाईंची यात्रा आपल्यामुळे मोडणार, म्हणून मी टेन्शनमध्ये. परंपरेनं ही यात्रा मोरगावला सुरू होते आणि मोरगावलाच संपते. सासूबाई नंदीजवळ टेकल्या, म्हणाल्या, ‘‘पहिला झाला, शेवटचाही झाला. मधले सात बघू हळूहळू. आधी हिला वरणभात भरव.’’