मृगाआधीची आवराआवर

रानातलं पाणी : लेखांक 11

गेल्या आठवड्यात शेततळ्याचा कागद कसा पारखून घ्यायचा ते पाहिलं. आता तो टिकवायचा कसा, आणि त्याच ओघात फार्महाउसवरच्या पोहण्याच्या हौदाचं काय करायचं, तेही पाहू. दोन्ही एकत्र घेण्याचं कारण साधं आहे. धाराशिव जिल्ह्यात दोघांचाही हंगाम एकाच सुमारास संपतो. मे सरत आला की मुलांच्या सुट्ट्या संपतात, हौदावरची गर्दी ओसरते. तिकडे द्राक्षाची नाहीतर आंब्याची बाग जगवता जगवता शेततळ्यानं तळ गाठलेला असतो. मृग तोंडावर येतो आणि मालक विचारतो, ‘आता पार उपसून, वाळवून ठेवू का?’

नको. आजचा बराचसा लेख या एका ‘नको’साठी आहे.

हौद बंद करण्याचे धडे मोबाइलवर शोधले तर ते बहुतेक अमेरिका-कॅनडातले निघतात. तिथे उन्हाळा संपला की घरामागचे तलाव बंद करतात, कारण पुढे बर्फ असतो. पाण्याचा बर्फ होताना त्याचं आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढतं. नळीत पाणी राहिलं तर नळी फुटते. म्हणून ते लोक पाण्याची पातळी उतरवतात, हवा मारून नळ्या कोरड्या करतात, तोंडांना बुचं लावतात आणि वरून घट्ट आच्छादन ओढतात. न्यू जर्सीत नाहीतर टोरांटोत घरामागे तलाव असलेल्या मराठी माणसाला हे चुकत नाही. आपल्याकडे पारा दहाच्या आसपास उतरला तरी गावभर शेकोट्या पेटतात, पण नळी फुटावी अशी थंडी काही पडत नाही. तेव्हा त्या यादीतलं निम्मं काम आपल्याला लागूच नाही. लक्षात घ्यायची गोष्ट वेगळीच आहे : एवढी थंडी असूनही तिथले जाणकार तलाव पूर्ण रिकामा करत नाहीत.

त्यामागचं कारण बर्फाचं नाही, जमिनीतल्या पाण्याचं आहे, आणि ते इथेही तितकंच खरं आहे. जिल्ह्यात पुष्कळ ठिकाणी काळी माती आहे. ती पाणी धरते, फुगते आणि लवकर निचरत नाही. पावसाळ्यात जमिनीत बांधलेल्या हौदाभोवती ओल साठत जाते. हौदाच्या तळापेक्षा बाहेरचं पाणी एक मीटर वर चढलं, तर ते तळाला दर चौरस मीटरमागे एक टन जोरानं वर ढकलतं. हौद दहा मीटर लांब आणि पाच मीटर रुंद असेल तर हा रेटा 50 टनांचा झाला. आत पाणी भरलेलं असतं तेव्हा त्याचं वजन या रेट्याला पुरून उरतं. आत काहीच नसलं तर सगळा भार सिमेंटच्या तळावर आणि भिंतींवर येतो. मग तळाला चीर जाते, फरश्या उखडतात, कधी अख्खा हौदच जागेवरून उचलला जातो. बाजूनं फुगलेली माती भिंती दाबते ते वेगळंच. हौद उपसून दुरुस्ती करायचीच असेल तर ती एप्रिल-मेमध्ये, जमीन भेगाळलेली असताना उरकावी आणि पहिल्या पावसाआधी पाणी पुन्हा भरावं. ‘भर उन्हाळ्यात हौद भरायला पाणी आणायचं कुठून?’ हा प्रश्न रास्त आहे. म्हणूनच दरवर्षी हौद उपसायची हौस परवडत नाही.

आता शेततळं. 2016 साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आली. तिच्यात खोदाईला जास्तीत जास्त 50 हजार रुपयांचं अनुदान मिळत होतं, आणि मराठवाड्यात शेततळी झपाट्यानं वाढली. खड्डा एकदाच खणायचा असतो. कागद मात्र झिजतो, विरतो, फाटतो आणि बदलावा लागतो. नेहमीचा कागद 500 मायक्रॉनचा, म्हणजे जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड. त्याचं प्लॅस्टिक पाण्याहून हलकं असतं. आत पाणी आहे तोवर तो खड्ड्याला चिकटून बसतो. आत कोरडं आणि खाली ओल झाली की तो तळातून वर येतो, फुगे धरतो. एकदा फुगलेला कागद पुन्हा पहिल्यासारखा बसत नाही, घड्या पडतात आणि घडीवरच तो आधी तुटतो. त्यात वळवाचं वारं. रिकाम्या तळ्यात वारा शिरला की काठावरच्या चरात गाडलेली कड उपटून निघते. तिसरा वैरी ऊन. प्लॅस्टिकला ऊन सोसावं म्हणून त्यात काजळी मिसळलेली असते, तरी वर्षानुवर्षं उघडा राहिलेला भाग कडक होत जातो. जुन्या तळ्याचा कागद पाहा, तळ शाबूत असतो आणि वरच्या पट्ट्यात भेगा असतात.

तेव्हा तळाशी निदान दोन फूट पाणी ठेवूनच मोटर बंद करा. बागेला शेवटच्या पाळीची गरज असताना हे पाणी राखणं जिवावर येतं, हे कबूल. पण दोन फूट पाण्यानं बाग फार तर आठवडाभर पुढे सरकते, आणि कागद गेला तर पुढचं वर्षच कोरडं जातं. खताच्या रिकाम्या पोत्यांत माती भरून ती उतारावर दोरीनं सोडली तर वाऱ्याचाही बंदोबस्त होतो. पोत्यांत दगड भरू नका.

गाळ काढताना तळ उपसावाच लागला तर फावडं, टिकाव, लोखंडी घमेलं काठावरच ठेवायचं. चपला बाहेर. रबरी वायपर, प्लॅस्टिकचं घमेलं आणि अनवाणी माणसं, एवढ्यावर काम होतं. बाभळीचा काटा, उंदराचं बीळ, पाणी प्यायला उतरलेल्या कुत्र्याची नखं, छिद्रं पडतात ती अशानंच. गाळ निघाला की प्रत्येक जोड हातानं चाचपा, आणि ठिगळ कोरड्या, पुसलेल्या जागेवरच लावा. ओल्यावर चिकटवलेलं ठिगळ पहिल्याच पाण्यात सुटतं.

पाऊस संपल्यावर विहिरीचं पाणी उचलून तळं भरतात आणि फेब्रुवारीपर्यंत त्याला हात लावत नाहीत. आपल्याकडचं खरं ‘बंद’ तळं हे. त्याचं पाणी चोरून नेणारं कुणी असेल तर ते ऊन. 30 बाय 30 मीटरचं, तीन मीटर खोल आणि एकास एक उताराचं तळं काठोकाठ भरलं तर त्यात सुमारे 22 लाख लिटर पाणी मावतं. कडक उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी बाष्पीभवनानं दिवसाला आठ मिलिमीटर उतरते असं धरलं, तर भरलेल्या तळ्यातून रोज सात हजार लिटरहून जास्त पाणी नुसतं हवेत जातं. महिन्याचे दोन लाख लिटर झाले. तारा ताणून वर शेडनेट टाकलं तर ऊन आणि वारा दोन्ही अडतात. खर्चाचा हिशेब मात्र बागेच्या उत्पन्नाशी ताडून पाहावा. पोहण्याच्या हौदालाही ताडपत्रीपेक्षा शेडनेट बरं. ताडपत्रीवर पावसाचं पाणी साचतं, ती झोळीसारखी लोंबते आणि त्या डबक्यात डासांची पैदास होते.

डासांवर तसा सोपा उपाय आहे, गप्पी मासे. पण ते क्लोरीन नसलेल्या पाण्यातच सोडावेत. क्लोरीन उन्हानं लवकर उडून जातं, त्यामुळे हौदाला उन्हाळाभर औषध पुन्हा पुन्हा घालावं लागतं. हौद बंद करताना सामू 7.2 ते 7.6 च्या दरम्यान आणा, संध्याकाळी क्लोरीन घाला, मोटर रात्रभर चालवा, गाळणी उलट्या पाण्यानं धुऊन घ्या. शेवाळ दिसलं की मोरचूद टाकायची घाई नको, विशेषतः गुरं त्याच पाण्यावर येत असतील किंवा मासे सोडलेले असतील तर. पाण्यातल्या दिव्यांची वीज बोर्डापासूनच तोडा. मोटर आठवड्यातून एकदा थोडा वेळ फिरवली नाही तर पुढच्या मार्चला ती जाम झालेली सापडते.

सांडव्याबद्दल मात्र थोडं थांबून बोलायला हवं. नळदुर्गच्या किल्ल्यात बोरी नदीवरच्या धरणात 1613 साली, दुसऱ्या इब्राहिम आदिलशाहाच्या काळात, पाणीमहाल बांधला गेला. पर्यटक नर आणि मादी धबधब्यांचे फोटो काढतात. ते धबधबे म्हणजे जास्तीच्या पाण्याला ठरवून दिलेल्या वाटा आहेत, आणि त्यांच्यामुळेच आतला महाल पुरातही उभा राहतो. चार शतकांपूर्वी एवढा विचार झाला, आणि आपण मात्र आज सांडव्याची नळी न टाकताच शेततळ्याचा बांध रचतो. सप्टेंबर 2025 मध्ये परांडा आणि भूम तालुक्यांत पुरानं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. भरलेल्या तळ्यात आभाळातून येणारं पाणी बांधावरून वाहिलं तर काठाची माती आणि चरातली कड दोन्ही जातात. नळीच्या तोंडाशी पालापाचोळा अडकलेला नाही ना, हे मृगाआधी आणि पुन्हा परतीच्या पावसाआधी पाहा.

सगळ्यात महत्त्वाचं काम शेवटी सांगतो आहे, करायचं मात्र ते सगळ्यात आधी. विहिरीला पायऱ्या असतात, निदान कपारी असतात, आणि भोपळा नाहीतर डबा पाठीला बांधून पोरांना तिथे पोहायला शिकवणारं कुणीतरी काठावर असायचं. शेततळ्याच्या ओल्या कागदावर हात-पाय ठरत नाहीत. पट्टीचा पोहणाराही उतारावरून वर येऊ शकत नाही, आणि त्याला वाचवायला उतरलेलाही आतच राहतो. शेततळ्यात मुलं बुडाल्याच्या बातम्या मराठवाड्यात दरवर्षी येतात. चारी बाजूंनी जाळीचं कुंपण, कुलपाचं फाटक, चारही उतारांवर गाठी मारलेले जाड दोर तळापर्यंत सोडलेले, आणि काठाला हवा भरलेली एक ट्यूब, एवढं झाल्याशिवाय तळं बंद झालं असं म्हणू नका. कागदाच्या खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे. यंदा दोन्हींना पैसे पुरत नसतील तर कागद पुढच्या वर्षी बदला, कुंपण या आठवड्यात घाला.

पुढच्या लेखांकात : विहीर पुनर्भरण, आणि गढूळ पाणी विहिरीत सोडण्याआधीचा गाळखड्डा.